ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करताना: क्रियापदात एक शब्द वाढलाच पाहिजे

उन्हाळा संपून शाळा उघडल्या की नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या शिकवणीत मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक वाक्य लिहिते: ‘द मंकी हॅज स्टोलन द ऑरेंज.’ याचं पॅसिव्ह करा म्हटलं की दोन मिनिटांत वह्या वर येतात. एकाचं ‘द ऑरेंज इज स्टोलन’, दुसरीचं ‘हॅज बीइंग स्टोलन’, तिसऱ्याचं ‘वॉज बीन स्टोलन’. एखाद्याचं तर ‘द ऑरेंज हॅज स्टोलन बाय द मंकी’, म्हणजे त्याच्या हिशेबाने संत्र्यानेच कोणाचं तरी काही चोरलं. ‘बाय द मंकी’ मात्र प्रत्येकाचं बरोबर असतं.

गोम तिथेच आहे. ‘बाय’ सगळ्यांना आधी सुचतं. पॅसिव्ह म्हणजे वाक्य उलटं करायचं आणि मध्ये ‘बाय’ टाकायचं, हे सातवी-आठवीत डोक्यात बसलेलं असतं. खरं काम क्रियापदात आहे, आणि ‘बाय’ हा सगळ्यात शेवटचा, कित्येकदा गाळायचाच भाग आहे. खाली टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने जा. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, मोठ्याने वाचता यावीत म्हणून. वहीत ती रोमन लिपीत उतरवून घ्या.

तयारी: वहीचं एक पान

या पानावर तीनच गोष्टी हव्यात.

पहिली, ‘बी’चं कुटुंब: बी, ॲम, इज, आर, वॉज, वर, बीइंग, बीन. एवढी आठच रूपं. पॅसिव्हमध्ये यांपैकी एक तरी असतंच.

दुसरी, क्रियापदांची तिसरी रूपं. ज्यांना नुसतं ‘ईडी’ लागतं ती पाठ करण्यात वेळ घालवू नका. बिघडतात ती वेगळी: स्टील–स्टोल–स्टोलन, ब्रेक–ब्रोक–ब्रोकन, टेक–टुक–टेकन, राइट–रोट–रिटन, ब्रिंग–ब्रॉट–ब्रॉट, डिग–डग–डग. कट, पुट, हिट ही तिन्ही रूपांत तशीच राहतात. ‘रीड’चं स्पेलिंग बदलत नाही पण उच्चार रीड–रेड–रेड असा होतो. आणि एक जोडी लाल शाईने लिहा. फाइंड–फाउंड–फाउंड म्हणजे सापडणं, तर फाउंड–फाउंडेड–फाउंडेड म्हणजे स्थापन करणं. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं, तेव्हा वाक्य ‘नागपूर युनिव्हर्सिटी वॉज फाउंडेड इन १९२३’ असं हवं. ‘वॉज फाउंड’ लिहिलंत तर त्या वर्षी विद्यापीठ कुठेतरी पडलेलं सापडलं, असा अर्थ होतो.

तिसरी, सर्वनामांच्या जोड्या: आय–मी, वुई–अस, ही–हिम, शी–हर, दे–देम, हू–हूम. ‘यू’ आणि ‘इट’ बदलत नाहीत. इथे एक गमतीचा खड्डा आहे. इंग्रजीतलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’. पॅसिव्ह वाक्य ‘मी वॉज गिव्हन’ असं सुरू करणारी मुलं इंग्रजीत मराठी बोलत असतात.

टप्पा १: कर्म आहे का ते बघा

क्रियापद वाचा आणि त्याला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारा. उत्तर मिळालं तर कर्म आहे, पुढे जा. नाही मिळालं तर पेन खाली ठेवा, त्या वाक्याचं पॅसिव्ह होतच नाही.

‘शी गोज टू स्कूल’ मध्ये ‘काय जाते?’ याला उत्तर नाही. ‘टू स्कूल’ हे ‘कुठे’चं उत्तर आहे. गो, कम, स्लीप, डाय, अराइव्ह, हॅपन, ऑकर ही सगळी याच जातीची. तरी ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे वाक्य मला दर महिन्याला कोणाच्या तरी वहीत भेटतं. कारण मराठीत अपघात ‘झाला’, आणि ‘झाला’ ऐकलं की हात आपोआप ‘वॉज’ लिहितो. बरोबर वाक्य ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’, बस.

मीही यातून सुटले नव्हते. बी.ए. झाल्यावर नोकरीच्या पहिल्या अर्जात मी सुवाच्य अक्षरात ‘आय ॲम कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन’ असं लिहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “तुम्हाला कोणी पूर्ण केलं?” तिथे ‘आय हॅव कम्प्लीटेड’ हवं होतं. पदवी पूर्ण मी केली होती, मला कोणी पूर्ण केलं नव्हतं.

काही क्रियापदांपुढे कर्मासारखा शब्द दिसतो, पण ती उलटत नाहीत: हॅव (जवळ असणे), कॉस्ट, फिट, रिझेंबल. ‘धिस कूलर कॉस्ट्स फोर थाउजंड रुपीज’ याचं पॅसिव्ह करायला जाऊ नका.

टप्पा २: काळ इंग्रजीतून ओळखा, मराठीतून नाही

सगळ्यात जास्त मुलं इथे घसरतात, म्हणून इथे जरा थांबते.

‘माकडाने संत्रं चोरलं.’ मराठीच्या तासाला आपण शिकतो की हा कर्मणी प्रयोग. क्रियापद माकडाकडे बघतच नाही, संत्र्याकडे बघतं: एक असेल तर संत्रं चोरलं, चार असतील तर संत्री चोरली. इंग्रजीच्या तासाला सांगतात की पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी. मग मूल दोन आणि दोन चार करतं: ‘ने’ दिसला की कर्मणी, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, पॅसिव्ह म्हणजे बाय. आणि साध्या भूतकाळाच्या प्रत्येक वाक्यात ‘बाय’ घुसतो.

तर हे पक्कं करा: ‘माकडाने संत्रं चोरलं’ याचं इंग्रजी ‘द मंकी स्टोल द ऑरेंज’, म्हणजे चोख ॲक्टिव्ह. मराठीतला ‘ने’ भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की बहुधा लागतो. त्याचा ‘बाय’शी संबंध नाही. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातो तो व्याकरणाच्या पुस्तकातला नवीन कर्मणी प्रयोग: ‘माकडाकडून संत्रं चोरलं गेलं.’ म्हणून मराठीत खूण शोधायचीच असेल तर ‘ने’ शोधू नका. ‘कडून’ आणि ‘जातं, गेलं, जाईल’ शोधा.

काळ ओळखायला मात्र मराठीकडे जाऊच नका. इंग्रजी क्रियापदाचा अख्खा डबा पेन्सिलीने गोल करा. ‘स्टोलन’ एकटं नाही, ‘हॅज स्टोलन’. ‘विल हॅव स्टोलन’ असेल तर तिन्ही शब्द एकाच गोलात. गोलावर काळाचं नाव लिहा.

तपासा: मदतनीस क्रियापद गोलाबाहेर राहिलं नाही ना?

टप्पा ३: ‘बी’ला सदरा घाला

आठ सूत्रं पाठ करायला लावणारी पानं बाजारात ढिगाने मिळतात. पाठ केलेलं परीक्षेच्या आदल्या रात्री बरोबर असतं आणि पेपरात उलटं होतं. मी एकच गोष्ट शिकवते.

मुख्य क्रियापदाच्या अंगावर जो सदरा आहे, तो उतरवून ‘बी’ला घाला. मुख्य क्रियापदाला तिसरं रूप द्या. बाकी काहीही हलवू नका.

‘इज स्टीलिंग’ घ्या. मुख्य क्रियापद ‘स्टील’, अंगावर ‘इंग’. तो ‘इंग’ ‘बी’ला घातला की ‘बीइंग’. ‘स्टील’ला तिसरं रूप दिलं की ‘स्टोलन’. ‘इज’ जागेवरच. झालं ‘इज बीइंग स्टोलन’.

‘हॅज स्टोलन’ मध्ये ‘स्टील’च्या अंगावर तिसरं रूप आहे. ‘बी’चं तिसरं रूप ‘बीन’. म्हणून ‘हॅज बीन स्टोलन’. ‘विल स्टील’ मध्ये अंगावर काहीच नाही, तर ‘बी’ही उघडाच: ‘विल बी स्टोलन’. ‘स्टोल’ हे दुसरं रूप, ‘बी’चं दुसरं रूप वॉज किंवा वर: ‘वॉज स्टोलन’.

आता आठही काळ हाताने काढून बघा आणि मग खालच्याशी ताडा.

१. साधा वर्तमान: स्टील्स – इज स्टोलन
२. चालू वर्तमान: इज स्टीलिंग – इज बीइंग स्टोलन
३. पूर्ण वर्तमान: हॅज स्टोलन – हॅज बीन स्टोलन
४. साधा भूत: स्टोल – वॉज स्टोलन
५. चालू भूत: वॉज स्टीलिंग – वॉज बीइंग स्टोलन
६. पूर्ण भूत: हॅड स्टोलन – हॅड बीन स्टोलन
७. साधा भविष्य: विल स्टील – विल बी स्टोलन
८. पूर्ण भविष्य: विल हॅव स्टोलन – विल हॅव बीन स्टोलन

तपासा: प्रत्येक ओळीत उजवीकडे बरोबर एक शब्द जास्त आहे. एकाचे दोन, दोनाचे तीन, तीनाचे चार. तुमच्या उत्तरात क्रियापदाचे शब्द तेवढेच राहिले असतील किंवा दोनने वाढले असतील तर उत्तर चूक. ‘हॅज स्टोलन’चं ‘इज स्टोलन’ करणारा मुलगा इथेच पकडला जातो: दोनाचे दोनच राहिले.

काळ बारा, मग उरलेले चार? चालू भविष्य आणि तिन्ही पूर्ण चालू काळ. तिथे ‘बी बीइंग’ किंवा ‘बीन बीइंग’ अशी ओढाताण होते. कोणी तसं बोलत नाही, शाळेच्या व्याकरणात त्यांचं पॅसिव्ह होत नाही असंच धरतात. पुढे चला.

बीन की बीइंग: नागपूरकरांना हे आधीच येतं

“मॅडम, बीन लिहू का बीइंग?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर भिंतीवर लावून ठेवलंय. मागे हॅज, हॅव, हॅड असेल तर बीन. मागे ॲम, इज, आर, वॉज, वर असेल तर बीइंग. याला अपवाद नाही.

पण अर्थ कळायला आपल्याकडे याहून सोपी सोय आहे. ‘काय करून राहिला बे?’ असं विचारणाऱ्या गावाला चालू काळ शिकवावा लागत नाही. करून राहिला म्हणजे ‘इज डूइंग’. रस्ता खोदून राहिले म्हणजे ‘दे आर डिगिंग द रोड’. आता तेच रस्त्याच्या बाजूने बोला: रस्ता खोदला जाऊन राहिला. ते ‘जाऊन राहिला’ म्हणजे ‘बीइंग’. ‘द रोड इज बीइंग डग.’ आणि खोदून झाला असेल, मातीचे ढीग तेवढे उरले असतील, तर ‘खोदला गेला आहे’, म्हणजे ‘हॅज बीन डग’. घरची बोली वर्गात बोलू नका असं मुलांना सांगतात. मी उलट सांगते, पॅसिव्हच्या तासाला ती मोठ्याने बोला. पुण्याच्या मुलाला ‘जात आहे’वरून जे ताडावं लागतं, ते तुमच्या कानात आधीच आहे.

टप्पा ४: आता वाक्य मांडा

क्रम असा: कर्म पुढे आणा. त्याच्यामागे तयार केलेलं क्रियापद ठेवा. मग कर्ता ठेवायचा तर ‘बाय’सह. स्थळ आणि वेळ शेवटी.

‘डॉ. आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर इन १९५६’ याचं पॅसिव्ह: ‘बुद्धिझम वॉज एम्ब्रेस्ड बाय डॉ. आंबेडकर इन नागपूर इन १९५६.’ स्थळ-काळ जिथे होते तिथेच शेपटीला राहिले.

सावधान: कर्म पुढे आलं की मदतनीस क्रियापद त्याचं ऐकतं. ‘द मंकी हॅज स्टोलन द ऑरेंजेस’ मध्ये ‘हॅज’ एका माकडामुळे होतं. पॅसिव्हमध्ये अनेक संत्री पुढे आली, म्हणून ‘द ऑरेंजेस हॅव बीन स्टोलन’. काळ तोच राहतो, वचन बदलू शकतं. मुलं नेमकं उलटं करतात, वचन जपतात आणि काळ बदलतात.

‘लुक आफ्टर’, ‘लाफ ॲट’ अशा जोडक्रियापदांची शेपटी गाळू नका. ‘द बेबी वॉज लुक्ड आफ्टर बाय द नर्स’ मध्ये ‘आफ्टर’ आणि ‘बाय’ शेजारी शेजारी आले की मुलांना ते चूक वाटतं आणि ती एक खोडतात. दोन्ही हवेत.

टप्पा ५: ‘बाय’ ठेवायचा का?

कर्ता समवन, पीपल किंवा मोघम दे असेल तर गाळा. चोराला अटक झाली तर ती पोलिसांनीच केली असणार, तिथेही ‘द थीफ वॉज अरेस्टेड’ पुरे.

हत्यार किंवा साधन असेल तर ‘विथ’: ‘द कोकोनट वॉज ब्रोकन विथ अ स्टोन.’ दगड कर्ता नाही, फोडणारा वेगळा आहे. ‘नो’नंतर बहुधा ‘टू’ येतं (‘ही इज नोन टू मी’), ‘सरप्राइज’नंतर ‘ॲट’, ‘कंटेन’नंतर ‘इन’.

आणि ‘बाय’ वेळेचाही असतो, हे विसरू नका. गेल्या वर्षी एका मुलीने ‘द रोड विल हॅव बीन रिपेअर्ड बाय पोळा’ याचं ॲक्टिव्ह ‘पोळा विल हॅव रिपेअर्ड द रोड’ असं केलं होतं. आमच्या गल्लीचा रस्ता बघता पोळ्यानेच तो दुरुस्त केला तर बरं होईल, पण वाक्यात ‘बाय पोळा’ म्हणजे पोळ्यापर्यंत.

टप्पा ६: नकार, प्रश्न, आज्ञा आणि बाकीचे

डू, डज, डिड असेल तर आधी ते काढून काळ मुख्य क्रियापदात परत घाला, मग सदऱ्याचा नियम लावा. ‘डिड नॉट स्टील’ म्हणजे मुळात ‘स्टोल’, त्याचं ‘वॉज स्टोलन’, नकारासह ‘वॉज नॉट स्टोलन’. एक शब्द वाढण्याची मोजणी करताना डू-डज-डिड धरायचे नाहीत. ‘डज द मंकी स्टील द ऑरेंज?’ याचं ‘इज द ऑरेंज स्टोलन बाय द मंकी?’

‘हू’ने सुरू होणारा प्रश्न ‘बाय हूम’ने सुरू होतो: ‘बाय हूम वॉज द ऑरेंज स्टोलन?’

कॅन, मे, मस्ट, शुड यांच्यामागे उघडं क्रियापद असतं, म्हणून ‘बी’ही उघडा: ‘मस्ट बी पेड’.

आज्ञेला ‘लेट’ लावतात: ‘क्लोज द डोअर’चं ‘लेट द डोअर बी क्लोज्ड’. ‘प्लीज’ असेल तर ‘यू आर रिक्वेस्टेड टू क्लोज द डोअर’. रोजच्या बोलण्यात हे कोणी वापरत नाही, पण पेपरात विचारतात म्हणून करून ठेवा.

दोन कर्मं असली (‘माय अंकल गेव्ह मी अ सायकल’) तर शक्यतो माणसाला पुढे आणा: ‘आय वॉज गिव्हन अ सायकल बाय माय अंकल.’ सायकल पुढे आणली तर ‘टू मी’ जोडा.

टप्पा ७: वही बंद करण्याआधी

उत्तर मोठ्याने वाचा आणि तीन गोष्टी बोटाने दाखवा: ‘बी’चं रूप कुठे आहे, तिसरं रूप कुठे आहे, एक शब्द कुठे वाढला. तिन्हींवर बोट पडलं तरच पुढचं वाक्य. सुरुवातीला एका वाक्याला दीड मिनिट लागतं, ते लागू द्या.

सरावाला ही सात. आधी स्वतः सोडवा.

१. द मेकॅनिक इज रिपेअरिंग द कूलर.
२. माय आंट हॅज फ्राइड द वडीज.
३. पीपल बर्न द मारबत आफ्टर पोळा. (मारबत म्हणजे पोळ्यानंतर जाळतात तो पुतळा.)
४. दे हॅड क्लोज्ड द ब्रिज बिफोर द रेन.
५. हू ब्रोक द ग्लास?
६. यू मस्ट नॉट वेस्ट वॉटर.
७. द मेट्रो अराइव्ह्ड ॲट सीताबर्डी ॲट नाइन.

उत्तरं: (१) द कूलर इज बीइंग रिपेअर्ड बाय द मेकॅनिक. (२) द वडीज हॅव बीन फ्राइड बाय माय आंट. इथे ‘हॅज’ राहिलं असेल तर टप्पा ४ पुन्हा. (३) द मारबत इज बर्न्ट आफ्टर पोळा. ‘बाय पीपल’ नको. (४) द ब्रिज हॅड बीन क्लोज्ड बिफोर द रेन. (५) बाय हूम वॉज द ग्लास ब्रोकन? (६) वॉटर मस्ट नॉट बी वेस्टेड.

सातव्याचं उत्तर लिहिलं असेल तर खोडा. ‘अराइव्ह’ला ‘काय?’ विचारा, उत्तर येत नाही. तरी दर बॅचला एकदा ‘सीताबर्डी वॉज अराइव्ह्ड बाय द मेट्रो’ माझ्या टेबलावर येतंच, आणि खाली तीन वेळा तपासल्याची खूणही असते.